सगळ्या आईबापांची परवानगी

कर्ट नीमायरने आयुष्यात एकच कायदा पाठ केला होता, आणि तोही अर्धाच. विस्कॉन्सिनमध्ये आईबाप सोबत असतील तर एकवीस पुरी न झालेल्या पोरांनीही दारू प्यायलेली चालते. अगदी बारमध्ये, बापाच्या शेजारच्या उंच स्टुलावर बसून, पाय जमिनीला टेकत नसले तरी. बाकीच्या राज्यांना या कायद्याचं नवल वाटतं आणि विस्कॉन्सिनला बाकीच्या राज्यांचं. कर्टच्या बापाने त्याला चौदाव्या वर्षी ब्रँडी पाजली होती. त्या संध्याकाळी बापलेकांत जे काही प्रेमाचं बोलणं झालं तेवढंच. त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही. त्यामुळे कर्टला तो कायदा वाटतच नसे, घराण्याची इस्टेट वाटे.

कायद्याचा उरलेला अर्धा भाग असा की पोरगं आपलं स्वतःचं असावं लागतं.

मुलगा ब्रॉडी शाळा संपवून बाहेर पडला त्या जूनमध्ये कर्टने या अर्ध्या भागावर तोड काढली. पार्टी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे गॅरेजमध्ये होती. गाड्या बाहेर काढायच्या, फरशी पाइपने धुवायची, भिंतीवर पोराचे पाळण्यापासूनचे फोटो चिकटवायचे. लोकांनी यायचं, फोटो बघून पोरगं किती गोंडस होतं ते सांगायचं, म्हणजे आता नाही हे आपोआप कळतं, बिअरमध्ये उकडलेले सॉसेज पावात घालून खायचे, पाकीट द्यायचं आणि जायचं. कर्टने बिअरची दोन पिंपं आणली होती. एक मोठ्यांसाठी. दुसरं ताडपत्रीखाली झाकलेलं, 'नंतरसाठी'.

येणाऱ्या प्रत्येक बापाचा हात तो आपल्या दोन्ही हातांत धरी आणि गंभीर आवाजात विचारी, की तुझं पोरगं रात्री आमच्या अंगणात तंबूत झोपलं आणि त्याने दोन ग्लास घेतले तर तुझी काही हरकत? बापाच्या एका हातात ग्लास असे आणि तोंडात सॉसेज. तो मानेनेच म्हणे, हरकत कसली. मग कर्ट त्या पोराच्या आईला शोधून तोच प्रश्न विचारी. दोघांचा होकार हवा, असा त्याचा आग्रह होता. उन्हं कलेपर्यंत तो, त्याच्या हिशेबाने, गावातल्या निम्म्या बारावीचा बाप झाला होता.

"आता मी त्यांचा पालक," तो बायकोला, रेनेला, म्हणाला. "कायद्याने."

रेने बटाट्याचं सॅलड ढवळत होती. "कुठल्या कायद्याने?"

"परवानगी घेतली की नाही मी? तुझ्या शाळेत नाही का, सहलीच्या आधी आईबाप हो म्हणतात, की मास्तर दिवसभर पालक होतो."

"सहलीला आम्ही त्यांना अस्वलं दाखवतो, कर्ट."

"तुला ना, कुठलीही गोष्ट नीट झालेली बघवत नाही."

रेने शाळेत नर्स होती. लहानांच्या शाळेत तीन दिवस, मोठ्यांच्या शाळेत दोन. नाकातून रक्त, पोटदुखी, उवा, आणि दर मे महिन्यात, निरोपाच्या नाचाच्या आधी, सगळ्या मोठ्या पोरांपुढे दारूवर व्याख्यान. त्यासाठी तिच्याकडे जाड भिंगांचे खास चष्मे होते. ते लावले की दारू प्यायल्यासारखं दिसतं. पोरं ते लावून फरशीवर ओढलेल्या रेषेवरून चालत, आपटत, आणि इतकी हसत की पुन्हा लावायला रांग लागे. रेनेला फार वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं की या व्याख्यानाने तिने दारूची जेवढी जाहिरात केली तेवढी कुठल्याही भट्टीवाल्याने केली नसेल. पण मुख्याध्यापक दरवर्षी आभार मानत, आणि ती दरवर्षी चष्मे पुसून कपाटात ठेवी.

दिवेलागणीला आईबाप एकेक करून निघाले. बहुतेकांनी उरलेलं खाणं कागदी ताटांत बांधून घेतलं. टॅमी व्होल्करने दोन ताटं घेतली आणि तिची सतरा वर्षांची मुलगी मॅकेना, जिचं शाळेचं अजून एक वर्ष उरलं होतं, मागे ठेवली. "हिला जरा हसायला लाव बाई," ती रेनेला म्हणाली. "घरी नुसती तोंड पाडून बसते." मग कर्टने ताडपत्री काढली. गॅरेजच्या दारात घडीची खुर्ची टाकून तो बसला आणि मांडीवर गळाच्या आमिषाची बादली घेतली. प्रत्येक पोराने गाडीची चावी त्या बादलीत टाकायची, मगच ग्लास मिळायचा. बादलीला माशांचा वास येत होता. कर्टच्या चेहऱ्यावर मात्र देवळात तबक घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं समाधान होतं.

आणि रेने काय करत होती? ती आत गेली, केक भाजण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम लावला आणि आवाज मोठा केला. बाहेर काय चाललंय ते तिला माहीत होतं. ते दिसू नये एवढीच सोय तिने करून घेतली. नवऱ्याशी भांडायचं म्हणजे त्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्यावं लागे, आणि त्या संध्याकाळी तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. तिच्या घरात पुष्कळ गोष्टी अशाच ठरत आल्या होत्या.

मॅकेनाचं कुठल्याशा पोराशी वाजलं. ती कर्टकडे आली आणि चावी मागू लागली. कर्टने अर्थातच दिली नाही. तो तिला बापाच्या मायेने म्हणाला की इथून कुणी गाडी चालवत जाणार नाही, तंबूत जाऊन पड. मॅकेनाने त्याला एक शिवी दिली आणि चालत निघाली. कर्टने तिला जाताना पाहिलं. अडवलं नाही, कारण चालायला चावी लागत नाही, आणि त्याची जबाबदारी चावीपुरती होती. घरापासून अर्ध्या मैलावर ओढ्याचा पूल आहे. त्याला कठडा नाही. गाडीमागे बोट जोडून घरी चाललेल्या एका माणसाला दिव्यांच्या उजेडात ती दिसली, खाली दगडांवर. कमरेचं हाड मोडलं होतं आणि जबडा दोन ठिकाणी.

पोलीस म्हणून पेडरसन आला. लहानपणी त्याच्या नाकातून वरचेवर रक्त यायचं; रेनेने त्याचं डोकं कितीदा तरी पुढे वाकवून धरलं असेल. त्याला काही विचारावंच लागलं नाही. कर्टने आपणहून बादली दाखवली, पिंप दाखवलं, तंबू दाखवले, आणि सगळ्या आईबापांची परवानगी कशी घेतली ते सांगितलं. पेडरसन म्हणाला, पुन्हा एकदा सांगा, सावकाश. कर्टला वाटलं, पोरगं काहीतरी शिकू पाहतंय. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश.

*

हॉयसर वकिलाच्या ऑफिसात भिंतीवर हरणाचं मुंडकं आहे. ते हरीण हॉयसरने मारलं, कर्टच्या शेजारी उभं राहून. उत्तरेला दोघांची मिळून शिकारीची केबिन आहे. नवराबायको दोघांचाही वकील तोच. गावात दुसरा वकील आहे, पण त्याची केबिन नाही.

हॉयसरने जे सांगितलं ते थोडक्यात असं. दारू पाजणं एरवी दंडावर सुटलं असतं. पण पाजलेल्या अल्पवयीन मुलीला गंभीर इजा झाली, म्हणजे तो मोठा गुन्हा, सहा वर्षांपर्यंतचा तुरुंग. घर दोघांच्या नावावर आणि दोघं घरात हजर, म्हणून आरोप दोघांवर.

"आणि बचाव?" कर्टने विचारलं.

"सरकारला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पोरं लहान आहेत हे तुला माहीत होतं. तू आईबापांची परवानगी मागितलीस, म्हणजे माहीत होतं. पोरं पिणार हे तुला माहीत होतं. तू चाव्या घेतल्यास, म्हणजे माहीत होतं. तू काहीच केलं नसतंस, कर्ट, नुसता पिऊन खुर्चीत झोपला असतास, तर मला निदान बोलायला जागा होती."

"पण मी सगळं जबाबदारीने केलं."

"तेच तर आरोपपत्रात लिहिलंय."

कर्टने मग साक्षीदार काढले. इतके आईबाप हो म्हणाले होते. हॉयसर म्हणाला की पोलीस त्या सगळ्यांकडे जाऊन आले. ज्या हातांशी कर्टने हात मिळवले होते त्यांतल्या एकाही हाताला काही आठवत नव्हतं. एका बापाला वाटलं होतं की प्रश्न तंबूबद्दल आहे. एका आईला बिअरची पिंपं ही सजावट वाटली. टॅमी व्होल्करने तर सांगितलं की तिच्या समजुतीप्रमाणे मुलांना लिंबूसरबत मिळणार होतं. दुपारी मोठ्यांच्या पिंपातून चार ग्लास घेतलेली बाई, तिला सरबत आणि बिअर यांतला फरक कळू नये याचं पेडरसनलाही वाईट वाटलं म्हणतात.

सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलाचा निरोप आला. दोघांपैकी एकाने मोठा गुन्हा कबूल करावा. तुरुंग नाही, तीन वर्षं देखरेख. दुसऱ्यावरचा आरोप मागे. कोणी, ते तुम्ही ठरवा. सरकारला एक नीमायर हवा, कुठलाही चालेल.

हॉयसर हे सांगत असताना भिंतीवरच्या हरणाकडे पाहत होता. कर्टही तिकडेच पाहत होता. मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला जन्मभर बंदूक बाळगता येत नाही. रेनेच्या ते जरा उशिरा लक्षात आलं. ती हरणाकडे पाहत नव्हती.

"तू काही शिकार करत नाहीस," कर्ट गाडीत म्हणाला. मन वळवण्याच्या सुरात नाही, साधी वस्तुस्थिती सांगावी तसा.

"माझा परवाना जाईल, कर्ट. नर्सचा. मोठ्या गुन्ह्यावर बोर्ड तो ठेवत नाही."

"तुला काम कुठेही मिळेल. माझ्या धंद्यात ये. फोन घे, गिऱ्हाईकांशी बोल. लोकांना तू आवडतेस."

कर्ट तळ्याकाठी बोटी लावायचे धक्के बांधायचा आणि दर हिवाळ्यात पाणी गोठण्याआधी ते काढायचा. रेनेने त्याला विचारलं की माझी वीस वर्षांची नोकरी आणि तुझी वर्षातली नऊ दिवसांची शिकार या दोन गोष्टी तू एका तराजूत घालतोयस का. कर्टने प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाला, की तसं नाही, कारण नोकरी पैशासाठी असते.

त्यानंतर घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आमच्याकडे दबाव आणायचा तो गोड बोलून, खायला आणून. सासूबाई भाजलेल्या शेवयांचं मोठं भांडं घेऊन आल्या आणि कर्टचे वडील शेवटच्या आजारातही केबिनचं नाव कसं काढत होते ते सांगून, भांडं सावकाश परत कर म्हणून गेल्या. ब्रॉडीने कॉलेजातून फोन केला. तो म्हणाला, की आई, डॅडकडे दुसरं काय आहे? हे वाक्य बापाची बाजू घ्यायला म्हटलं होतं, आणि रेनेला आठवत होतं तेव्हापासून ब्रॉडी बापाबद्दल इतकं खरं बोलला नव्हता.

शुक्रवारी गाव मासे खायला क्लबात जमतं. तिथे लोक कर्टच्या टेबलापाशी येत, त्याच्या खांद्यावर हात ठेवत, आणि आवाज खाली आणून बंदुकीबद्दल विचारत. धनुष्यबाण चालतो का? भावाच्या नावावर ठेवली तर? हार्डवेअरवाला म्हातारा तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, की माणसाचं काय राहतं मग. रेने शेजारीच बसली होती, हातात ब्रँडीचा ग्लास, ग्लासात चेरी. तिच्या नोकरीचा विषय कुणी काढला नाही. एका बाईने मात्र तिचा हात दाबून सांगितलं की तू हे करतेयस त्याला फार मोठं मन लागतं. रेनेने तोवर काहीच कबूल केलेलं नव्हतं. गावाने ते परस्पर केलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिला दुकानात चीजच्या कपाटापाशी टॅमी भेटली. रेनेने मॅकेनाची चौकशी केली. चालायला लागली होती, वॉकर धरून. जबड्यातल्या तारा निघाल्या होत्या. टॅमी हातातलं चीज उलटंपालटं करत राहिली.

"दोन ग्लासांना हो म्हणाले होते मी," ती एकदम म्हणाली. "चावी काढून घ्यायला हो नव्हते म्हणाले."

"चावी दिली असती तर ती गाडीतून ओढ्यात गेली असती."

"तू नर्स आहेस ना? मग तू कुठे होतीस?"

याला रेनेकडे उत्तर होतं, ते टीव्हीवरच्या केकचं होतं, आणि ते देण्याजोगं नव्हतं. टॅमीने पोलिसांना खोटं सांगितलं होतं, पोरीला मागे ठेवून दोन ताटं बांधून नेली होती, आता भरपाईचा दावा लावणार होती. तरीही प्रश्न बरोबर होता. मूर्ख माणसाच्या तोंडून बरोबर प्रश्न यावा याचा रेनेला दिवसभर राग येत राहिला. संध्याकाळी तिने कर्टला सांगितलं की मी कबूल करते. केलं नाही ते असो, थांबवलं नाही ते तर खरंच होतं.

कर्टने तिला मिठी मारली. मग केबिनवर कोण कोण येणार ते ठरवायला तो फोन घेऊन बाहेर गेला.

*

जज क्राऊझ बाईंचं वय झालंय आणि त्यांना घाई नसते. आमच्या कोर्टात गुन्हा कबूल करायचा तर नुसतं हो म्हणून भागत नाही. काय केलं ते आपल्या तोंडाने सांगावं लागतं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मला ठाऊक नव्हतं. हॉयसरने रेनेकडून पाठ करून घेतलं होतं. दारू होती, मुलं लहान आहेत हे माहीत होतं, मी घरात होते, मी जबाबदार आहे. चार वाक्यं. कर्ट मागच्या बाकावर कोट घालून बसला होता. सरकारी वकील पोरगेला होता, त्याला जेवायच्या आत संपवायचं होतं.

रेनेने शपथ घेतली आणि चारही वाक्यं म्हटली. क्राऊझ बाईंनी चष्मा काढला.

"बिअर कुणी आणली?"

हॉयसर उठू लागला. क्राऊझ बाईंनी हाताने त्याला बसवलं.

"माझ्या नवऱ्याने."

"मुलांना ग्लास कोण भरून देत होतं?"

"ती आपली आपण घेत होती. चाव्या दिल्यावर."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"बटाट्याचं सॅलड," रेने म्हणाली. "मग मी आत गेले. मला कळत होतं आणि मी आत गेले."

"हे मी ऐकलं. तो तुमचा दोष आहे, आणि लहान नाही. पण कायद्यात दारू पुरवणं म्हणजे काय, ते तुमच्या वकिलांना ठाऊक असेल अशी माझी आशा आहे." क्राऊझ बाईंनी चष्मा लावून समोरचा कागद उलटला. "इथे आईबापांच्या परवानगीचं काहीतरी आहे. यजमानाने परवानगी घेतली की तो कायद्याने इतरांच्या मुलांचा पालक होतो. तीस वर्षांत मी हे पहिल्यांदा वाचतेय. ही कल्पना कुणाची?"

इथे रेनेकडून 'माझी' या एका शब्दाची अपेक्षा होती, आणि हॉयसर ओठ हलवून तो शब्द तिला सांगतही होता. तिने हात बाकाच्या कडेवर ठेवले. या कल्पनेवर कर्ट चार महिने जगत होता. जेवताना, झोपताना, क्लबात, धक्क्यावर कमरेइतक्या पाण्यात उभा राहूनही त्याने ती लोकांना समजावली होती. जगात त्या कल्पनेइतकी दुसरी कुठली गोष्ट त्याने स्वतःच्या डोक्याने काढलेली नव्हती.

"कुणाची का असेना, मॅडम," रेने म्हणाली. "मूर्खपणाची होती. पाचवीतल्या पोरालासुद्धा सुचली नसती."

पुढे काय होणार ते तिला माहीत होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. मागचा बाक करकरला.

"मूर्खपणाची कशी?" कर्ट म्हणाला.

हॉयसर म्हणाला, "कर्ट, खाली बस."

"नाही, एक मिनिट. मॅडम, तिला ते नीट सांगता येत नाही, तिला पहिल्यापासूनच कळलेलं नाही. कल्पना माझी आहे. कायदा म्हणतो, आईबाप सोबत हवेत. बरोबर? आता आईबाप आपला अधिकार दुसऱ्याला देऊ शकतात की नाही? शाळेला देतात. डॉक्टरला देतात. मग मला का नाही? मी प्रत्येकाला विचारलं. आईला वेगळं, बापाला वेगळं. एवढं कोण करतं?"

"तुम्ही कोण?" क्राऊझ बाईंनी विचारलं, जरी त्यांना दिसत होतं.

"कर्ट नीमायर. घर माझं आहे."

"मिस्टर नीमायर, तुम्हाला गप्प बसण्याचा अधिकार आहे, आणि माझा सल्ला आहे की तो तुम्ही आत्ता वापरावा. जे बोलाल ते तुमच्या विरुद्ध जाईल. कळतंय?"

"कळतंय, पण गैरसमज राहायला नको," कर्ट म्हणाला. मग त्याने पिंपं कुठून आणली, किती, दुसरं ताडपत्रीखाली का ठेवलं, चाव्यांची पद्धत कशी बसवली आणि व्होल्करांच्या मुलीला चावी का नाकारली हे सगळं सांगितलं. तिला चालत जाताना पाहिलं, हेही. हॉयसरने तीनदा त्याची बाही ओढली. तिसऱ्यांदा कर्टने ती झटकली. सरकारी वकील जेवण विसरून लिहीत होता. मध्ये एकदा त्याचं पेन थांबलं तेव्हा कर्टही थांबला, त्याला गाठता यावं म्हणून.

कर्ट बसल्यावर क्राऊझ बाईंनी तो कागद पालथा ठेवला. मग त्यांनी सांगितलं की मिसेस नीमायर यांनी जे केलं त्यावर हा गुन्हा बसत नाही, त्यामुळे त्यांची कबुली मी घेत नाही. मिस्टर हॉयसर यांनी या दोघांचं वकीलपत्र एकाच वेळी कसं घेतलं याचा खुलासा ते मला आतल्या खोलीत येऊन देतील. पोरगेला सरकारी वकील उभा राहिला आणि म्हणाला की आता ऐकलेल्या गोष्टी पाहता सरकारला या बाईंची मोठ्या गुन्ह्यात गरज उरली नाही. घरात पिऊ दिल्याचा किरकोळ आरोप राहील, त्याला दंड आहे. नर्सिंग बोर्ड त्यावर कडक पत्र पाठवतं, परवाना काढून घेत नाही. परवान्याचं त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या सगळ्या प्रकरणात तो शब्द आपणहून काढणारा तो पहिला माणूस.

कॉरिडॉरमध्ये हॉयसर भिंतीला टेकून उभा होता. खुलासा द्यायला जाण्याआधी त्याला श्वास घ्यायचा होता. कर्टचा चेहरा लाल झाला होता, पण पडलेला नव्हता.

"पटलं का जजबाईला, तुला काय वाटतं?" त्याने हॉयसरला विचारलं. "शाळेचं उदाहरण दिलं तेव्हा ती मान हलवत होती."

हॉयसर त्याच्याकडे एकदा पाहून आत गेला. मग कर्ट रेनेकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटू लागलं होतं, सावकाश. त्याच्याकडे सगळंच तसं उमटायचं.

"तू मूर्ख म्हणालीस," तो म्हणाला. "भर कोर्टात."

"हो."

"मुद्दाम म्हणालीस."

"शपथेवर होते, कर्ट. विचारलं ते सांगितलं."

तो आणखी काही बोलणार होता, पण तिचा फोन वाजला. लहानांच्या शाळेतल्या ऑफिसातून होता. तिच्या जागी दुसरी नर्स मिळत नव्हती म्हणून निकाल लागेपर्यंत तिला ठेवलं होतं, आणि तिच्या केसचं काय झालं हे विचारायचं ऑफिसातल्या बाईच्या डोक्यातही आलं नाही. तिसरीच्या वर्गात उवा निघाल्या होत्या, एका पोराच्या आईने दारात येऊन तमाशा मांडला होता, आणि सगळ्या वर्गाला घरी पाठवायचं का असं मुख्याध्यापक विचारत होते.

"कुणालाही पाठवू नका," रेने कोटाची बटणं लावत म्हणाली. "टोप्या वेगवेगळ्या ठेवायला सांगा. आणि त्या आईला बसवून घ्या, तिचंही डोकं बघते मी."